संगणक अटी सोप्या कशा करतो?

मंडळी, जळगाव असो की धुळे, कापूस विकायला नेला की घेणारा आधी त्यातला ओलावा बघतो. समजा, संगणकात कुणी अट लिहिली : 'ओलावा १२ टक्क्यांहून कमी असेल आणि २० टक्क्यांहूनही कमी असेल, तर माल घ्या.' आपण हसू. १२ हून कमी असलेला ओलावा २० हून कमी असणारच! दुसरी अट फुकटची.

हे जसे आपल्याला कळते, तसे कंपायलरलाही कळते. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. उतरवताना तो अटींची छाटणी करतो. 'ओला नाही असे नाही' याचे तो 'ओला आहे' करतो. 'ओलाही नाही आणि किडकाही नाही' हे 'ओला किंवा किडका, यांपैकी काहीच नाही' असेही मांडता येते. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखतात, ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्याकडे मदुराईत जन्मले.

ही छाटणी कशासाठी? अट म्हणजे रस्त्याला फुटलेला फाटा. आजचा प्रोसेसर फाट्यावर थांबत नाही, अंदाजाने पुढे निघतो. अंदाज चुकला, तर झालेले काम टाकून मागे यावे लागते. लाखो वेळा होणाऱ्या हिशेबात एक फाटा कमी झाला तरी वेळ वाचतो.

या शास्त्रात आपली माणसेही आहेत. मुंबईच्या आयआयटीत प्रा. धनंजय ढमढेरे यांनी तेच ते हिशेब टाळण्यावर काम केले. प्रोग्रामच्या अशा विश्लेषणावरचे प्रा. उदय खेडकर आणि सहलेखकांचे पुस्तक २००९ मध्ये निघाले.

त्याच वर्षी एक धडाही मिळाला. लिनक्सच्या एका भागात आधी एका पत्त्यावरची माहिती वाचली होती आणि 'पत्ता कोरा तर नाही ना?' ही तपासणी त्यानंतर लिहिली होती. सी भाषेच्या नियमाने कोऱ्या पत्त्यावरून वाचायचेच नसते. ज्याअर्थी वाचले, त्याअर्थी पत्ता कोरा नाही, असे धरून कंपायलरने तपासणीच काढून टाकली! त्यामुळे साध्या वापरकर्त्याला सगळ्या संगणकाचा ताबा मिळवण्याची वाट मोकळी झाली. पुढे तो क्रम सुधारला, शिवाय अशा तपासण्या काढू नयेत, अशी सूचनाही लिनक्स तयार करताना कंपायलरला देण्यात आली.

कंपायलर मनातले ओळखत नाही, लिहिलेले मानतो. विहिरीत उडी मारल्यावर पाणी आहे का, हे विचारून काय उपयोग? आपल्या खान्देशातली जी मुलेमुली प्रोग्राम लिहायला शिकत आहेत, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. अट थोडी लांबली तर कंपायलर आवरून घेईल. पण ती कामाच्या आधी लिहिणे, हे आपलेच काम.