गुलाब फुलला, पण काट्याचे काय?

फाल्गुन लागला की आमच्या आळीत रविवार सकाळची एक बैठक भरते. बैठक कसली, गुलाबवेड्यांचा अड्डाच तो! ऑक्टोबरात छाटणी केलेल्या झाडांचा हा शेवटचा भरघोस बहर. मोगऱ्यालाही कळ्या धरू लागलेल्या असतात. कोणी टपोरे फूल दाखवायला आणतो, कोणी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फांद्या वाटतो. डोळा कसा भरायचा, निंबोळी पेंड किती घालायची, यावर तास दीड तास सहज जातो. माझ्याही गच्चीवर अकरा कुंड्या आहेत, त्यामुळे डॉक्टर म्हणून नव्हे, तर शिकाऊ माळी म्हणून मी तेथे जातो. आठवडाभराचा शीण त्या तासाभरात उतरतो.

मागच्या रविवारी आमच्या निवृत्त गुरुजींनी मला ‘ग्लॅडिएटर’ची फांदी देण्यासाठी हात पुढे केला आणि काटा त्यांच्या अंगठ्यात रुतला. रक्ताचा थेंब आला. गुरुजींनी शांतपणे कुंडीतली चिमूटभर माती उचलली आणि जखमेवर दाबली.

“अहो गुरुजी, हे काय करता?”

“रक्त थांबते, डॉक्टर. आणि लोखंड थोडेच लागले आहे? गुलाबाचा काटा तो!”

“धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले होते?”

एकाहत्तर वर्षांच्या गुरुजींना आठवेना. मी त्यांना तसेच नळाखाली नेले.

वाचकहो, माझी ही घाई उगाच नव्हती. १९९९ साली, मी दवाखाना थाटून थोडीच वर्षे झाली असताना, चाळिशीचे एक गृहस्थ मुलाचा ताप दाखवायला आले होते. त्यांच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. मी ती पाहिली, पण विचारले नाही. आठ दिवसांनी तेच गृहस्थ पुन्हा आले. तोंड उघडत नव्हते. दाढ दुखत असेल असे त्यांना वाटत होते. मानही ताठ झाली होती. विचारल्यावर कळले की बागेतील गुलाब छाटताना काटा मोडून बोटात राहिला होता. त्याच तासाला त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवले. दीड महिन्याने ते घरी आले, अंगात निम्मे होऊन. ते वाचले, पण या आजारातून सगळेच वाचत नाहीत. ती चिंधी मी आजवर विसरलेलो नाही.

धनुर्वाताचे जंतू गंजात राहतात, हा मोठा गैरसमज आहे. त्यांचे खरे घर माती आणि शेण. म्हणजे शेणखत घातलेली आपली कुंडीच! ज्या बीजाणूंच्या रूपात ते मातीत राहतात, ते उकळत्या पाण्यालाही सहसा दाद देत नाहीत. काट्याची जखम अरुंद पण खोल असते. वरचे तोंड लगेच मिटते, आत हवा पोचत नाही, आणि हवा नसलेल्या जागीच हे जंतू वाढतात. त्यांचे विष नसांवर परिणाम करते. बहुधा तीन ते एकवीस दिवसांत जबडा धरतो, गिळताना त्रास होतो, मग अंगाला झटके येतात. तोवर काटा टोचल्याचे विस्मरणही झालेले असते.

म्हणून काटा लागला की वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम नीट धुवावी. मोडलेले टोक आत असेल तर काढून घ्यावे. माती, राख, शेण, तंबाखू यांपैकी काहीही लावू नये. आणि इंजेक्शनची चौकशी करावी.

पूर्वीच्या ‘टीटी’च्या जागी आता ‘टीडी’ लस मिळते. तिने धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण होते. “सहा महिने झाले, पुन्हा सुई घ्या” असे अनेक जण म्हणतात, ते खरे नाही. लहानपणापासूनचे डोस पूर्ण झालेल्यांना दर दहा वर्षांनी एक डोस पुरतो. मातीने भरलेली वा खोल जखम असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटली असतील, तर तो तेव्हाच घ्यावा. ज्यांनी कधीच घेतलेली नाही, त्यांना तीन डोस लागतात : पहिला आज, दुसरा चार आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. अशा व्यक्तीची जखम खराब असेल तर तयार प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते.

आपल्या देशात बालकांच्या लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना लहानपणीचे डोस मिळालेलेच नाहीत. बायकांना निदान बाळंतपणाच्या वेळी सुई मिळाली, पण आजोबांचे काय? आणि निवृत्तीनंतर बाग करतात ते हेच आजोबा!

आणखी एक गोष्ट. काटा लागून काही आठवडे गेल्यावर तेथे न दुखणारी गाठ आली आणि तशाच गाठींची रांग हातावर वर चढू लागली, तर ते साधे गळू समजू नका. मातीतल्या एका बुरशीचा तो आजार असू शकतो. गोळ्यांनी तो बरा होतो, मात्र काही महिने त्या नेमाने घ्याव्या लागतात. डॉक्टरांना “मी बागकाम करतो” एवढे आवर्जून सांगा.

गुरुजींनी त्याच दिवशी पहिला डोस घेतला. दुसऱ्याची तारीख त्यांनी कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आहे, आणि या रविवारी ते जाड हातमोजे घालून हजर होते. बाग जरूर करा, फुले वाटा. फक्त आज घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढे विचारा : “धनुर्वाताची सुई शेवटची कधी घेतली?” उत्तर आठवत नसेल, तर उद्याच जवळच्या दवाखान्यात घेऊन जा.