कोणती पाठ ठेवायची?

मी तुमच्याच मारेगाव तालुक्यातली पशुसखी. आज आपण पाठीबद्दल बोलू. पाठ म्हणजे आपल्या बकरीचं मादी पिल्लू, अजून न व्यायलेलं.

कापसाचे पैसे हातात आले की गटाच्या बैठकीत हा विषय निघतोच. दोन पाठी घेऊ या. नाहीतर घरच्या चार पाठींतल्या दोन विकू, दोन ठेवू. पण कोणत्या? दोन-तीन महिन्यांची करडं सगळीच गोजिरी असतात, सगळीच उड्या मारतात. त्यातून पुढची पाच-सहा वर्षं जुळी देणारी, ती पोसणारी बकरी कोणती निघेल, हे आज कसं सांगायचं?

आमच्या गटाची एक फजिती आधी सांगते. पहिल्यांदा पाठी घ्यायला आम्ही पाच जणी बाजारात गेलो. एक पाठ सगळ्यांत ठळक होती. गुबगुबीत, चकचकीत अंग, तीन महिन्यांची असून चार महिन्यांची वाटावी. आम्ही सगळ्या तिच्यावरच खिळलो. शेजारी एक लहानखुरी होती, ती स्वस्तात मिळत होती, पण तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही. आमची ठळक पाठ मोठी झाली, दिसायला राणीसारखी. पहिल्या वेताला एक पिल्लू दिलं. कासेत दूध इतकं कमी की त्या एकालाही पुरेना. आम्ही बाटलीने पाजलं, तरी ते गेलं. दुसऱ्या वेतालाही तीच गत. शेवटी ती विकावी लागली, आणि गटाच्या वहीत तोटा मांडताना कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नव्हतं.

चूक कुठे झाली, ते मला नंतर प्रशिक्षणात कळलं. ठळक करडू हे बहुतेक वेळा एकटं जन्मलेलं असतं. आईचं सगळं दूध त्याच्या एकट्याच्या पोटात जातं, मग ते फुगणारच. जुळ्यातलं करडू अर्ध्या दुधावर वाढतं, म्हणून बारीक दिसतं. आता हिशेब करा. समजा एका बकरीचं एकटं पिल्लू तीन महिन्यांत ११ किलोचं झालं. दुसरीची जुळी प्रत्येकी ९ किलोची झाली. बाजारात आपण ११ किलोवालं उचलतो. पण पहिल्या आईने ११ किलो उभे केले आणि दुसरीने १८. आपल्याला मुलगी कोणाची हवी?

म्हणून पाठ पाहताना पहिला प्रश्न वजनाचा नाही. हे एकटं की जुळ्यातलं? आईचं हे कितवं वेत? आधीच्या वेतांत किती दिली, त्यातली किती जगली? एकदा जुळं झालं म्हणून भुलायचं नाही. दोन-तीन वेतांचा हिशेब विचारायचा. बाजारात याचं उत्तर मिळत नाही, मिळालं तरी खरं कशावरून? आणि एक गोष्ट बायांनो, आपण स्वतः बाजारात कोणती बकरी नेतो ते आठवा. चांगली कोणी विकायला काढतं का? अडचण आली तर गोष्ट वेगळी. म्हणून पाठ घ्यायची ती गावातून, ओळखीच्या घरून, आई दावणीला उभी असताना.

आईला पाहायला संध्याकाळी जा. बकऱ्या चरून येतात, पिल्लं सोडतात, ती वेळ. कास मऊ हवी, दोन्ही बाजू सारख्या, पोटाला घट्ट चिकटलेली. लोंबून गुडघ्याखाली आलेली कास झुडपात ओरखडते, मग कासदाह होतो. सड दोनच, पिल्लाच्या तोंडात मावतील असे. बाटलीसारखे जाड सड असले तर नुकतं जन्मलेलं पिल्लू ते धरू शकत नाही, चीक पोटात जात नाही. पिल्लं पिताना नीट पाहा. शेपूट हलवत पितात आणि पोट भरल्यावर शांत बसतात का, की पुन्हा पुन्हा ढुसण्या मारतात? अमेरिकेत दुधाच्या शेळ्यांची प्रदर्शनं भरतात. तिथे व्यायलेल्या शेळीला १०० पैकी ३५ गुण नुसत्या कासेचे असतात. पाठीला अजून कासच नाही, म्हणून तिची कास आपण तिच्या आईत पाहायची.

आता पाठीकडे या. तिला धरू नका, आधी चालू द्या. पाय सरळ पडतात का, मागचे गुडघे एकमेकांवर घासतात का, खूर मिटलेले आहेत की पसरलेले? कणा सरळ हवा. पुढच्या दोन पायांमध्ये बरं अंतर हवं, म्हणजे छाती रुंद आणि आत फुप्फुसाला जागा. मग तोंड उघडा. बकरीला वरच्या जबड्यात पुढे दात नसतात, नुसती कडक हिरडी असते. खालचे दात त्या हिरडीला बरोबर टेकले पाहिजेत. जबडा पोपटासारखा पुढे आलेला किंवा मागे गेलेला असेल, तर ती पाला नीट ओरबाडू शकत नाही. लहानपणी दुधावर हे झाकून जातं, उन्हाळ्यात चारा संपला की दिसतं. दातांवरून वयही कळतं. सगळे आठ दुधाचे दात असतील तर साधारण वर्षाच्या आतली. मधले दोन मोठे आले की सव्वा वर्षाच्या आसपास. दोन-दाती बकरी ‘सहा महिन्यांची पाठ’ म्हणून कोणी गळ्यात मारत असेल, तर तिथेच सोडा. वर्ष उलटूनही ती एवढीशीच राहिली, असा त्याचा अर्थ.

डोळ्याची खालची पापणी ओढून पाहा. आतून लाल-गुलाबी असेल तर बरं. पांढरट असेल तर पोटात रक्त पिणारे जंत आहेत. पावसाळ्यानंतर हे फार दिसतं. जंतावर औषध आहे, जबड्याच्या खोडीवर नाही.

शिंगांचं थोडं सविस्तर सांगते, कारण हे फार जणींना माहीत नसतं. भुंडी म्हणजे बिनशिंगाची बकरी आपल्याला बरी वाटते, मारत नाही, पोरं जवळ जातात. पण भुंडी बकरी भुंड्या बोकडाला दाखवली, तर होणाऱ्या पिल्लांत काही पाठी अशा निघतात की त्या धड मादी नसतात, धड नर नसतात. त्या गाभण राहतच नाहीत. वर्षभर खाऊ घालून मग कळतं. म्हणून भुंडी पाठ घेताना विचारा, आई-बाप दोघंही भुंडे होते का? एकाला शिंगं असतील तर काळजी नको. शेपटीखालीही बघून घ्या. योनीच्या खालच्या टोकाला वाटाण्याएवढी गाठ दिसली तर ती पाठ ठेवू नका. आणि घरच्या भुंड्या बकरीसाठी बोकड शिंगवालाच शोधा.

आता रंग. बेरारी ही आपल्या विदर्भाची जात, करनालच्या राष्ट्रीय संस्थेत तिची नोंद आहे. रंग तांबूस-तपकिरी, कण्यावरून गडद रेघ, आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना शिंगाच्या मुळापासून नाकपुडीपर्यंत पट्टा. मराठवाड्यातली उस्मानाबादी बहुतेक काळी. पशुप्रदर्शनात न्यायची असेल तर या खुणांना महत्त्व आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत प्रदर्शन भरतं, तिथे जातिवंत जनावर उठून दिसतं. पण परीक्षकासमोर पाठ एकटीच उभी असते, तिची आई नसते. शिवाय अंगावर चरबी असली की बारीकसारीक खोडी झाकल्या जातात. तेव्हा बक्षीस मिळालेली पाठ जरूर पाहा, पण तिच्याही घरी जाऊन आई पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

घरच्या पाठींमधून निवडायचं असेल तर वही घाला. जन्माचं वजन, एकटं की जुळं, मग दर महिन्याचं वजन. काटा नसेल तर शिवणकामाचा टेप चालतो. सकाळी चाऱ्याआधी पाठ सरळ उभी करा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घ्या, इंचात. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर २० आणि लांबी १८ असेल तर ७२०० भागिले ६६०, म्हणजे जवळजवळ ११ किलो. अगदी तंतोतंत येत नाही, पण महिन्या-महिन्यातला फरक कळतो. आमच्या गटात हा हिशेब सातवीतली एक पोरगी करते, आम्ही फक्त टेप धरतो.

घाई मात्र करू नका. दूध तुटलं की चार-पाच महिन्यांची पाठ लांब पायांची, हडकुळी, केस उभे राहिलेली दिसते. तेव्हाच कंटाळून पुष्कळ जणी विकून टाकतात. मी म्हणते, तीन महिन्यांना एकदा निवडा, सहा महिन्यांना पुन्हा पाहा, आणि मधल्या कुरूप दिवसांत निकाल देऊ नका. दूध तुटल्यावर महिनाभर तुरीच्या कुटाराबरोबर मूठभर भरडा आणि थोडी ढेप द्या, मग कोणती सावरते ते पाहा.

बाहेरून आणलेली पाठ तीन आठवडे वेगळी बांधा, लगेच कळपात सोडू नका. पीपीआरची लस झाली का ते विचारा, नसेल तर दवाखान्यातून करून घ्या. आणि माज आला म्हणून लगेच बोकड दाखवू नका. आपली बेरारी बकरी पूर्ण वाढली की तीसेक किलोची होते. पाठ निदान २० किलोची होऊ द्या. बोकड तिचा बाप किंवा भाऊ नसावा, एवढं पाहा. गाभण राहिली की पाच महिन्यांनी व्यायची, तो दिवसही वहीत मांडून ठेवा.