दारू प्यालेला रुग्णही रुग्णच!

फेब्रुवारी २०१७. जिल्हा परिषद निवडणुकीची धामधूम चालू होती. नगर तालुक्यातील पांगरमल येथे निवडणुकीच्या जेवणावळीत बनावट दारू पिऊन माणसे दगावली. ही दारू तयार कोठे होत होती? पोलीस तपासात नाव पुढे आले ते जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या कँटीनचे! जेथे जीव वाचवायचे, तेथेच विष बनत होते. रुग्णालयाची जबाबदारी वॉर्डापुरती नसते, आवारात काय चालते तेही पाहावे लागते, हा या घटनेचा धडा आहे.

आमच्या वस्त्यांना या प्रश्नाची दुहेरी झळ बसते. नशेत दवाखान्यात नेला जाणारा आमच्यातला असतो, आणि तेथे वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार म्हणून राबणाराही आमच्यातलाच असतो. म्हणून दोघांच्याही बाबतीत कायदा काय सांगतो, हे माता-भगिनींनी समजून घ्यावे.

रुग्णाचा हक्क

"पिऊन आलाय, उतरल्यावर आणा," असे म्हणून रुग्णाला परत पाठवता येत नाही. डोक्याला मार लागलेला किंवा रक्तातील साखर उतरलेला माणूसही दारुड्यासारखाच बरळतो, झोकांड्या खातो. बनावट दारूतील मिथेनॉलने दृष्टी जाते, जीवही जातो. तेथे एकेक तास मोलाचा असतो.

तातडीच्या रुग्णावर आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे हे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सांगितले. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परतवले, तेव्हा १९९६ साली याच न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली.

दारू वा अमली पदार्थांच्या गैरवापरातून होणारे मानसिक विकार २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आजारच मानले आहेत. अशा रुग्णाला शिक्षा म्हणून बांधून ठेवता येत नाही, त्याची माहिती चव्हाट्यावर मांडता येत नाही. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रात माणूस ठेवण्याआधी केंद्राची नोंदणी आहे का, हे जरूर विचारावे. गांजा, गर्दच्या आहारी गेलेला मुलगा पोलिसांच्या भीतीने घरात लपवू नये. स्वतःच्या सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य संस्थेत पूर्ण उपचार घेत असेल, तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते.

कर्मचाऱ्याची जबाबदारी

शासकीय कर्मचाऱ्याने कामावर नशेत असू नये, असा सेवानियमच आहे. नशेतल्या माणसाच्या हाती इंजेक्शन किंवा रुग्णवाहिकेचे चाक देणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळ. त्याला तात्काळ कामावरून बाजूला करणे हे व्यवस्थापनाचे काम. कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणाची भरपाई रुग्णालयालाही द्यावी लागते, हे स्प्रिंग मेडोज खटल्यात १९९८ साली ठरले आहे.

पण कंत्राटी कामगारावर नुसता "दारुडा" असा शिक्का मारून त्याची भाकर हिरावणेही न्याय्य नव्हे. तोंडाला वास येतो, चाल डळमळते, एवढ्यावरून दारू प्याल्याचे सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच म्हटले आहे. म्हणून आरोप झाल्यास वैद्यकीय तपासणी आणि लेखी चौकशीची मागणी करावी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आम्हाला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. ती मोडणाऱ्याला समाजाने जरूर खडसवावे. मात्र त्याचा उपचाराचा हक्क कोणी नाकारत असेल, तर त्याच्या पाठीशी उभे राहावे. धम्मातील करुणा हीच शिकवण देते.

घरात असा माणूस असेल तर १४४४६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. दवाखान्याने दाखल करून घेण्यास नकार दिल्यास तो लेखी मागा, वेळ टिपून ठेवा, केसपेपर जपा, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार करा. पोच घ्यायला विसरू नका.

जयभीम!