होडीलाही गायरान हवे

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतकऱ्याला वीज, कर्ज आणि विमा यांबाबत ज्या सवलती मिळतात, त्याच धर्तीवर त्या मच्छीमारालाही मिळाव्यात, हा त्यामागचा हेतू. निर्णय उशिरा झाला असला तरी स्वागतार्ह आहे. परंतु शेती म्हटली की वीज आणि कर्ज यांच्या आधी जमीन येते. शेतकऱ्याच्या जमिनीची नोंद सातबाऱ्यावर असते, गावच्या गुरांच्या चराईसाठी गायरान असते, मळणीच्या खळ्यासाठीसुद्धा जागा राखून ठेवण्याची तरतूद आपल्या महसूल कायद्यात आहे. मच्छीमाराचे शेत समुद्रात, आणि त्या शेतात उतरण्याची वाट म्हणजे किनाऱ्यावरची चार-दोन गुंठे वाळू. या वाळूची नोंद कोठे आहे, हा प्रश्न उपरोक्त निर्णयाच्या निमित्ताने विचारावयास हवा.

समुद्रापासून दूर पुण्यात बसून हा प्रश्न विचारण्यास प्रस्तुत लेखकाला जे कारण घडले, ते वाचकांना सांगितले पाहिजे. आम्ही चार प्राध्यापकांनी मिळून कोकणात जमिनीचा एक लहानसा तुकडा घ्यावा, सुटीत तेथे जाऊन राहावे, अशी कल्पना निघाली आणि गुहागर तालुक्यातील एक जागा पाहण्यास आम्ही गेलो. समुद्रापर्यंत आपलीच हद्द, मध्ये कोणाचा पाय पडायचा नाही, अशी जागेची थोरवी मध्यस्थाने गाइली. प्रत्यक्षात जागेच्या कडेने एक मळलेली वाट खाली पुळणीवर उतरत होती, आणि ती जेथे संपत होती तेथे माडाच्या ओंडक्यांवर पाच होड्या ओढून ठेवलेल्या होत्या. ही वाट कोणाची, असे विचारता, कुंपण घातले की ती आपोआप बंद होईल, असे उत्तर मिळाले. सातबाऱ्यावर वाटेचा उल्लेख नव्हता. होड्यांचा असण्याचा तर प्रश्नच नव्हता. आम्ही व्यवहार केला असता तर खरेदीखत अगदी कायदेशीर ठरले असते, पाच कुटुंबांचा धंदा बसला असता, आणि त्याची खूण कोणत्याही सरकारी कागदावर उमटली नसती.

होडीला काय लागते?

मोठ्या ट्रॉलरला पक्का धक्का लागतो, खोल पाणी लागते, डिझेलचा पंप आणि बर्फाचा कारखाना लागतो. लहान होडीच्या गरजा त्या मानाने थोड्या आहेत. पण त्या सर्व एके ठिकाणी पुरवणारी जागा सहजासहजी मिळत नाही. वाळूला बेताचा उतार हवा, लाटेचा जोर मोडणारा एखादा खडक किंवा डोंगराचे नाक हवे, जाळी पसरण्यास व मासळी वाळवण्यास मोकळी जागा हवी, पावसाळ्यात होडी शाकारून ठेवण्यासाठी उधाणाच्या रेषेच्या वर कोरडी पट्टी हवी, आणि वस्तीपासून तेथवर जाणारी वाट हवी. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे असे आपण शाळेपासून शिकतो. मग जागेला काय तोटा, असे ज्याला वाटते त्याने त्या किनाऱ्याने थोडे चालून पाहावे. कोठे तुटलेले कडे, कोठे कांदळवन, कोठे गुडघाभर चिखल, कोठे पाण्याखालचे खडक. यांतून उरणाऱ्या जागा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने हेरलेल्या आहेत. त्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

शिवाय अशी जागा चोवीस तास उघडी नसते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ज्या खाडीच्या मुखाशी वाळू साचली आहे तेथे या वेळेच्या थोडे मागेपुढेच होडी आतबाहेर करता येते. जागा घराजवळ असली तर रात्री उठून, वारा आणि पाणी पाहून, जायचे की नाही हे ठरवता येते. ती दहा-बारा किलोमीटर दूर गेली की इंजिन व जाळी वाहण्यास टेम्पो आला, जादा डिझेल आले, रात्रीची राखण आली, आणि एवढे करून पाणी अनुकूल नसले तर परतीची फेरी आली. मोठ्या नौकेच्या बाबतीत असा खर्च टनावारी मासळीवर वाटला जातो. लहान होडीची दिवसाची मासळी टोपल्यांत मोजण्याजोगी. तिच्यावर तोच खर्च पडला की फायद्याचा धंदा तोट्यात जाण्यास वेळ लागत नाही.

यात होडीइतकेच नुकसान घरातील बाईचे होते. मासळी गावच्या पुळणीवर उतरते तेव्हा ती निवडणे, वाळवणे आणि आसपासच्या गावांत नेऊन विकणे हे काम बायकांच्या हाती असते, आणि त्या विक्रीचा पैसाही त्यांच्या हातातून जातो. मासळी दूरच्या मोठ्या बंदरात उतरू लागली की तिचा लिलाव मोठ्या ढिगांनी होतो आणि तेथे व्यापाऱ्यापुढे टोपलीवालीचा टिकाव लागत नाही.

तीन गावांमागे एक

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेत महाराष्ट्रात मच्छीमारांची ४५६ गावे, ३ लाख ८६ हजारांवर लोकसंख्या, आणि मासळी उतरवण्याची १५२ केंद्रे नोंदली गेली. म्हणजे सरासरीने तीन गावांमागे एक केंद्र. अशा केंद्रांचा मुख्य उपयोग मासळी किती उतरली हे अजमावण्यासाठी होतो. साहजिकच जेथे मासळी पुष्कळ, तेथे लक्ष अधिक. पाच होड्यांची पुळण या हिशेबात बसत नाही. नियोजनाचा पैसाही याच वाटेने जातो. धक्के बांधले जातात ते मोठ्या बंदरांत, आणि ते बांधले म्हणजे मच्छीमारांची सोय झाली असा निष्कर्ष काढला जातो.

दापोली तालुक्यातील हर्णैचे उदाहरण येथे बोलके आहे. सुवर्णदुर्गासमोरच्या त्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे मासळीचा मोठा लिलाव वाळूवरच होत आला, आणि होडीतून उतरलेली मासळी वाहून नेण्यास बैलगाड्या पाण्यात उतरत आल्या. तेथे धक्का हवा, ही मागणी रास्तच आहे. पण धक्का नसताना एवढा बाजार इतकी वर्षे चालला तो मोकळ्या पुळणीच्या आधारावर, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

जागा जाते कशी?

या जागा एका आदेशाने जात नाहीत. म्हणून त्यांच्या जाण्याचा गवगवा होत नाही. धूप थांबवण्यासाठी दगडांचा बंधारा घातला जातो आणि त्यात होडी वर ओढण्यासाठी उतार ठेवण्याचे राहून जाते. रिसॉर्टचे कुंपण भरतीच्या रेषेपर्यंत येते. मालवणकडे रापणीने मासेमारी होते. होडी जाळ्याचा मोठा अर्धवर्तुळ टाकून येते आणि किनाऱ्यावरून दोन बाजूंनी पुष्कळ माणसे मिळून जाळे ओढतात. मिळकतीची वाटणी हिश्श्याने होते. या सहकारासाठी लांबच लांब मोकळी पुळण लागते. तीच पुळण पर्यटकांच्या खुर्च्यांना आणि जलक्रीडेच्या नौकांनाही हवी असते.

मुंबईत वरळी कोळीवाड्यापुढे हाच प्रश्न मीटरांत मोजला गेला. क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडणाऱ्या होड्यांच्या मार्गावर किनारी रस्त्याच्या पुलाचे खांब येणार होते. आराखड्यात दोन खांबांत ६० मीटरचे अंतर होते. खवळलेल्या पाण्यात होडी सुरक्षित जाण्यास २०० मीटर हवेत, असे मच्छीमारांचे म्हणणे होते. प्रदीर्घ आंदोलनानंतर २०२२-२३ च्या हिवाळ्यात १२० मीटरवर तडजोड झाली. वरळीला निदान संघटना होती आणि वृत्तपत्रे जवळ होती. आडगावच्या पाच होड्यांसाठी कोण आराखडा बदलणार?

अशा जागेला किंमत नसते असे मात्र नाही. उरणच्या पारंपरिक मच्छीमारांनी जवाहरलाल नेहरू बंदराच्या विस्ताराविरुद्ध दाद मागितली, तेव्हा येथे पुण्यातच बसणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कुटुंबागणिक ही रक्कम ५ लाख ८४ हजार होते. या आदेशाला पुढे आव्हान दिले गेले, तो भाग वेगळा. समुद्राकडे जाण्याची वाट तुटली तर रुपयांत मोजता येईल असे नुकसान होते, हे एका न्यायपीठाने मान्य केले, हे महत्त्वाचे. डहाणूजवळच्या ज्या वाढवण बंदराला तेथील पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला होता, त्याला त्याच प्राधिकरणाची परवानगी २०२३ मध्ये मिळाली आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्याच्या गुणदोषांचा विचार येथे कर्तव्य नाही. पण एवढ्या मोठ्या हिशेबात आसपासच्या गावांच्या होड्या कोठून पाण्यात उतरतात, याची आधीची नोंदच नसेल, तर नुकसान मोजणार तरी कशावरून?

कायद्यातील फट आणि वाट

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० अन्वये भरतीच्या रेषेखालील समुद्र व खाड्यांचा तळ राज्य शासनाच्या मालकीचा आहे. मात्र लोकांचे कायदेशीर हक्क अबाधित ठेवून. हे हक्क कोणते, ते कोठे लिहिलेले नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने मासेमारीची गावे, जेट्ट्या, मासळी वाळवण्याच्या जागा आराखड्यात दाखवाव्यात असे सांगितले. परंतु तो आराखडा बांधकामाच्या नियंत्रणासाठी आहे. नकाशावर दाखवलेली जागा त्यामुळे कोणाच्या हक्काची होत नाही. पुढे २०१९ च्या अधिसूचनेने तर पुळणीवर तात्पुरत्या पर्यटन-सुविधांना अधिक वाव दिला.

तथापि नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. याच संहितेचे कलम २२ जिल्हाधिकाऱ्यास सरकारी जमीन सार्वजनिक कामासाठी राखून ठेवण्याचा अधिकार देते. गुरांची चराई, दहनभूमी, गावठाण, बाजार, खळे अशी यादीच त्यात आहे. होडी ठेवण्याच्या जागेचा तीत उल्लेख नाही. पण 'अन्य कोणतेही सार्वजनिक प्रयोजन' हे शब्द आहेत आणि ते पुरेसे आहेत. खाजगी जमिनीतून पुळणीवर जाणाऱ्या वाटेसाठी कलम १६५ आहे. गावातील रस्त्याची वहिवाट आणि मासेमारीचा हक्क यांसंबंधीचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' या नोंदवहीत लिहून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. ग्रामपंचायत, मच्छीमार सहकारी संस्था आणि तलाठी यांनी भरतीच्या वेळी आणि ओहोटीच्या वेळी किनारा चालून प्रत्येक उतरण्याची जागा आणि तिची वाट नोंदवावी. सरकारी जागा कलम २२ खाली राखून ठेवावी. आणि ज्या बंधाऱ्याच्या आराखड्यात होडीचा उतार दाखवलेला नाही, त्याला मंजुरी देऊ नये. याला फारसा पैसा लागत नाही. चिली देशाने २०१७ मध्ये कायदा करून मच्छीमारांच्या अशा उतरण्याच्या जागा, ज्यांना तेथे 'कालेता' म्हणतात, त्यांच्या संघटनांकडे दीर्घ मुदतीच्या वापरासाठी सोपवण्याची व्यवस्था केली. आपल्याला तर आहे तो कायदा वापरावयाचा आहे.

काही आक्षेप

यावर असे म्हटले जाईल की, गायराने तरी कोठे सुरक्षित राहिली? आक्षेप खरा आहे. पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले, ते त्या जमिनींच्या नोंदी होत्या म्हणूनच अमलात आणता येण्याजोगे ठरले. नोंद असूनही हक्क बुडू शकतो. नोंद नसली तर तो बुडाला हे सिद्धही करता येत नाही. दुसरा आक्षेप पर्यटनाच्या उत्पन्नाचा. पर्यटनाने कोकणात पैसा आला आहे आणि तो मच्छीमारांच्या घरांतही काही प्रमाणात गेला आहे. पाच होड्यांना चार गुंठे राखून ठेवल्याने तो थांबेल असे कोणी म्हणणार नाही. तिसरी अडचण गावातलीच आहे. कोळी, गाबीत, खारवी, भंडारी, दालदी असे अनेक समाज हा धंदा करतात. क्वचित त्यांच्यापैकीच एखादा वाटेची जागा विकून मोकळा होतो. म्हणून हा हक्क एखाद्या जातीच्या किंवा व्यक्तीच्या नावे नसावा. जो तेथून होडी पाण्यात घालतो त्याचा तो असावा, आणि तो विकता येऊ नये.

आम्ही ती जागा घेतली नाही. त्यात आमचा मोठेपणा काही नाही. आमच्या चौघांत अखेर किमतीवरूनही एकमत झाले नव्हते. ती आज ना उद्या दुसरा कोणी घेईल, बहुधा पुण्या-मुंबईचाच. किनाऱ्यावर जागा पाहण्यास जाणाऱ्या प्रत्येकाने खरेदीखतावर सही करण्यापूर्वी एक भरती आणि एक ओहोटी तेथे थांबून कोण येते-जाते ते पाहावे, एवढी विनंती त्यांना करता येईल. पण पाच कुटुंबांचा चरितार्थ गिऱ्हाइकाच्या सदसद्विवेकावर सोपवणे बरे नव्हे. मत्स्यव्यवसाय ही शेती आहे असे शासनाने म्हटले आहे. आता त्या शेतीच्या खळ्याची आणि वाटेची नोंद करण्याचे काम तलाठ्याच्या दप्तरात सुरू झाले पाहिजे.