घरघर लागल्यावर

आदिलाबादकडच्या मराठी घरांत माणूस शेवटच्या घडीला आलं की आधी गंगाजल शोधतात. पण गिळता येत नसेल तर चमचाभर पाण्यानेही ठसका लागतो. ओल्या कापसाने ओठ टिपा, तुळशीपत्र नुसतं ओठांना लावा. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट चट्टे उमटतात, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होतो. घरघर असते घशात साचलेल्या लाळेची. ऐकणाऱ्याचाच जीव कासावीस होतो, रुग्णाला बहुधा त्रास नसतो, कुशीवर वळवा. खाण्याचा आग्रह नको. कॅनडातल्या २०२० च्या अभ्यासात काही बेशुद्ध रुग्णांच्या मेंदूनेही आवाजाला प्रतिसाद दिला होता, तेव्हा उशाशी शेताच्या वाटणीची चर्चा तर नकोच! असह्य वेदनांवर मॉर्फिन असतं. अमली पदार्थ कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने ते मिळणं सुकर केलं. आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयातल्या डॉक्टरांना वेळीच विचारा.