बर्लिनमधील शेवया आणि आईचे मांडे
(द्वितीय वर्ष, कला)

परदेशप्रवास ही गोष्ट आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही नव्हती. वडील केळीच्या बागेत सालदार, आई लग्नकार्यात आणि आखाजीला खापरावरचे मांडे करून देणारी. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. असे असूनही गेल्या उन्हाळ्यात मी बर्लिनला जाऊन आले, ते धाकट्या मावशीच्या बाळंतपणामुळे. मावशी तेथे एका रुग्णालयात परिचारिका आहे. आजीचे गुडघे चालत नाहीत, आईला मांड्यांच्या हंगामात सवड नाही. म्हणून मदतीला माझी रवानगी झाली. बर्लिनची भिंत आणि संग्रहालये यांविषयी मैत्रिणींना पुष्कळ सांगून झाले आहे. येथे मला लिहायचे आहे ते एका चिनी खानावळीविषयी.

बर्लिनच्या पश्चिम भागात कांटस्ट्रासे नावाचा लांबलचक रस्ता आहे. 'स्ट्रासे' म्हणजे रस्ता, आणि कांट म्हणजे तत्त्वज्ञानाच्या तासाला आपल्याला भेटणारा तोच इमॅन्युएल कांट! या रस्त्यावर 1923 साली 'तिएनत्सिन' नावाचे चिनी उपाहारगृह निघाले. त्या काळी या परिसरात चिनी विद्यार्थी राहत असत. आजही या रस्त्यावर आशियाई खाणावळींची गर्दी आहे. बाळ महिन्याचे झाल्यावर मावशी मला तेथे घेऊन गेली.

आपल्याकडे गाडीवर मिळते ते 'चायनीज' डोळ्यांपुढे ठेवून मी आत शिरले. खानावळ साधीच होती. गल्ल्यावर पैसे भरायचे, क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि जागा मिळेल त्या बाकावर अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचे. मात्र एका बाजूला काचेची भिंत होती आणि तिच्यापलीकडे एक मध्यमवयीन चिनी गृहस्थ पिठाशी झुंजत होते. त्यांनी मनगटाएवढा जाड पिठाचा दोर दोन्ही हातांत धरला, झोका देऊन फळीवर आपटला, त्याला पीळ दिला आणि पुन्हा आपटला. मग त्याचा एक लहान तुकडा कोरड्या पिठात लोळवून हात फाकवले. दोर लांबला. त्याची घडी घालून दोन्ही टोके एका हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने पुन्हा ताण दिला.

हे गणित पाहण्यासारखे आहे. एका घडीने दोन पदर होतात, दुसरीने चार, तिसरीने आठ. मी मोजत होते. त्यांनी सात घड्या घातल्या. म्हणजे 128 शेवया झाल्या! आठवी घातली असती तर 256 झाल्या असत्या. सुरी नाही, साचा नाही, आणि सगळे अर्ध्याएक मिनिटात उकळत्या पाण्यात.

पीठ तुटत का नाही? परत आल्यावर मी ग्रंथालयात बसून याचे उत्तर शोधले. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन अशी दोन प्रथिने असतात. पाणी घालून पीठ मळले की ती एकमेकांत गुंतून जाळे विणतात. त्यालाच ग्लुटेन म्हणतात. ग्लुटेनिनमुळे पीठ रबरासारखे मागे ओढ घेते, तर ग्लायाडिनमुळे ते लांबते. दोन्हींचा तोल साधला तरच तार निघते. मळून लगेच ताणले तर पीठ आखडते. थोडा वेळ झाकून ठेवले की जाळे सैलावते. आपटण्याने आणि पीळ देण्याने त्यातले धागे एका दिशेला लागतात. ज्वारी-बाजरीत असे जाळे होत नाही. म्हणून तर भाकरी थापावी लागते, ताणता येत नाही.

या शेवयांना चिनी भाषेत 'लामिअन' म्हणतात. 'ला' म्हणजे ओढणे. वायव्य चीनमधील गान्सू प्रांताची राजधानी लान्झोऊ त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. पीत नदीच्या काठी वसलेल्या या शहरात हुई मुसलमान समाजाने ही कला नावारूपाला आणली. पूर्वी तेथे वाळवंटी झुडपे जाळून त्यांची क्षारयुक्त राख पिठात घालत. आता तयार पूड वापरतात. क्षाराने पिठाला पिवळसर रंग आणि चिवटपणा येतो. आपण उडदाच्या पापडात पापडखार घालतो, त्याचेच हे भावंड. निवळ रस्सा, पांढरा मुळा, लाल मिरचीचे तेल, हिरवी कोथिंबीर आणि पिवळ्या शेवया हे लान्झोऊच्या वाडग्याचे पाच रंग. मूळ पदार्थ गोमांसाच्या रश्श्यातला. आम्ही टोमॅटो-अंड्याचा मागवला.

वाडगा समोर आला तरी माझे लक्ष काचेकडेच होते. त्या गृहस्थांच्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. मावशी हळूच म्हणाली, "तुझ्या आईचंच काम की गं हे!"

मला घास गिळवेना. आमच्या खानदेशात पुरण भरलेली पोळी लाटत नाहीत. ती दोन्ही हातांवर झेलत, कोपरापर्यंत पसरवत ताणतात आणि उपड्या खापरावर टाकतात. आईच्या हातांवर कोपरापर्यंत चटक्यांचे डाग आहेत. पहिल्या वर्षाला असताना वर्गातल्या एका मुलीच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. मांडवामागे चुलीजवळ आई मांडे करत बसली होती. मैत्रिणीने विचारले, "बघ ना, किती भराभर करते! कोण गं ती?" मी उत्तर न देता पुढे निघून गेले. आईने मला पाहिले होते. घरी आल्यावर ती त्याविषयी एक शब्दही बोलली नाही.

बर्लिनमध्ये लोक काचेला नाक लावून तेच कौशल्य पाहत होते. लहान मुले टाळ्या वाजवत होती. वाडग्याची किंमत बारा युरो, म्हणजे आईच्या एका दिवसाच्या मजुरीहून अधिक. काच होती म्हणून ती कला, आणि मांडवामागे धूर होता म्हणून ती मजुरी, असा भेद मी केला होता. पिठाने तो केलेला नाही.

परत आल्यावर मी आईला म्हटले, "मला मांडे शिकव." पहिला मांडा हातावरच फाटला, दुसराही फाटला. आई म्हणाली, "घाई नको करू. पीठ दमलंय, त्याला जरा निजू दे." ग्लुटेनचे नावही तिला ठाऊक नाही, पण ग्रंथालयात बसून मी जे वाचले, ते तिच्या हातांना कधीपासून ठाऊक होते.

पहिल्या वर्षाच्या प्रवेशअर्जात 'आईचा व्यवसाय' या रकान्यात मी 'घरकाम' असे लिहिले होते. या वर्षी लिहिले, 'मांडे करणे'. लिपिकाने वर पाहून विचारले, "म्हणजे काय?" मी त्याला सगळे समजावून सांगितले. मागे रांग खोळंबली होती, तरीही.