३२ सामने, ६६ दिवस

इंग्लंडमधल्या लिंकन शहरात सिन्सिल बँक नावाचं फुटबॉलचं मैदान आहे. १९६३ च्या जानेवारीपासून तिथे आठवड्यामागून आठवडे एकच प्रकार चालला होता. कुणीतरी मैदानाच्या मधोमध जायचं, बुटाची टाच जोर लावून जमिनीत रोवून बघायचं. टाच रुतायची नाही. चार पावलं पुढे जाऊन पुन्हा बघायचं, तर तिथेही शहाबादी फरशीवर पाय आपटावा तसा आवाज. मग निरोप जायचा : आज सामना नाही. लिंकन सिटी विरुद्ध कॉव्हेन्ट्री सिटी हा एफए कपच्या तिसऱ्या फेरीतला सामना असा १५ वेळा पुढे ढकलला गेला.

१५ हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली. पुढे त्या मोसमाचे आकडे एकेक करून कळत गेले आणि लिंकनचे १५ हा त्यातला एक लहानसा तुकडा निघाला. तिसऱ्या फेरीत सामने होते ३२. ते पुढे ढकलले गेले एकूण २६१ वेळा, म्हणजे एका सामन्यामागे सरासरी आठाहून जास्त वेळा. ३२ पैकी १६ सामने, अगदी निम्मे, दहा किंवा त्याहून अधिक वेळा रद्द झाले. त्या काळी एरवी ही फेरी एका शनिवारी खेळली जायची आणि बरोबरीत सुटलेल्या सामन्यांचे फेरसामने पुढच्या काही दिवसांत आटोपायचे. १९६३ साली ती ५ जानेवारीला सुरू झाली आणि ११ मार्चला संपली. ६६ दिवस, आणि त्यातले प्रत्यक्ष खेळाचे दिवस फक्त २२.

एफए कप ही जगातली सर्वांत जुनी राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा. १८७१-७२ च्या पहिल्या मोसमात १५ क्लबांनी नावं दिली होती. २०११-१२ मध्ये ती संख्या ७६३ वर गेली. पण क्लब १५ असोत की ७६३, हिशेब एकच : बाद फेरीत प्रत्येक लढत एकाला घरी पाठवते. त्यामुळे ७६३ क्लब असतील तर विजेता मिळायला ७६२ लढतींचा निकाल लागावा लागतो. एकही कमी चालत नाही. साखळी स्पर्धेत एखादा सामना राहिला तरी गुणतालिका पुढे सरकते. बाद फेरीत खालचा एक सामना अडला की त्याच्या वरची सगळी फांदी अडून बसते.

तिसरी फेरी हा या झाडाचा मुख्य बुंधा. लीगच्या पहिल्या दोन विभागांतले ४४ मोठे क्लब इथे स्पर्धेत उतरतात आणि खालून लढत आलेले २० त्यांना येऊन मिळतात. एकूण ६४. हा आकडा आपल्या चांगलाच ओळखीचा आहे, कारण बुद्धिबळाच्या पटावर घरं तेवढीच असतात. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं मागणाऱ्या त्या शहाण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. राजाची कोठारं रिकामी होतात तरी मागणी पुरी होत नाही. कपात तीच गोष्ट उलट्या दिशेने चालते : ६४, ३२, १६, ८, ४, २, १. सहा फेऱ्या आणि ६३ लढती. प्रत्येक लढत दोनपैकी एका बाजूला जाणार, म्हणजे सोडत आधीच पूर्ण ठरलेली आहे असं धरलं तरी सगळे निकाल मिळून स्पर्धा किती वेगवेगळ्या प्रकारांनी संपू शकते? एकाला दोनाने ६३ वेळा गुणायचं. उत्तर येतं ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८. पटाच्या शेवटच्या, चौसष्टाव्या घरातल्या दाण्यांची संख्या नेमकी हीच. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त संख्यांच्या स्थानांची नावं सांगितली आहेत, ती एक, दश, शत करत परार्धापाशी थांबतात. आपला आकडा ९२ परार्धांच्याही पुढचा आहे. आणि प्रत्यक्षात एफए कपात प्रत्येक फेरीची सोडत नव्याने निघते, म्हणजे खऱ्या शक्यता याहूनही जास्त.

५ जानेवारी १९६३ च्या शनिवारी या ३२ पैकी फक्त तीन सामने खेळले गेले. प्रेस्टनला सन्डरलंडने ४-१ हरवलं, प्लिमथला वेस्ट ब्रॉमविचने ५-१. ट्रॅनमिअर आणि चेल्सी २-२ अशा बरोबरीत सुटले, म्हणजे तिथेही फेरसामना आलाच. रात्री हिशेब असा होता : दोन क्लब पुढे, ३० लढती अधांतरी. पुढच्या फेरीत कोणते ३२ क्लब असतील याच्या त्या घडीला शक्यता उरल्या १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४. हे सगळं त्या रात्री बर्फाखाली गाडलेलं होतं, आणि बर्फ वितळल्याशिवाय त्यातली एकही शक्यता खोडता येणार नव्हती.

बर्फ पडायला लागला तो २६ डिसेंबर १९६२ ला. इंग्लंडमध्ये इतका थंड हिवाळा १७४० नंतर झाला नव्हता. मध्य इंग्लंडचं जानेवारीचं सरासरी तापमान उणे २.१ अंश सेल्सियस राहिलं. ही महिनाभराची, दिवस-रात्र मिळून सरासरी आहे. एका रात्रीचा नीचांक नव्हे. केंटच्या किनाऱ्यावर हर्न बे इथे समुद्र गोठला. ६ मार्चला सकाळी लोक उठले तेव्हा त्या वर्षात पहिल्यांदाच देशात कुठेही दव गोठलेलं नव्हतं.

बर्फ फावड्याने उचलून बाजूला का टाकला नाही, असा प्रश्न आपल्याला पडतो. टाकला. गावोगावी माणसं फावडी घेऊन उतरली. पण वरचा भुसभुशीत बर्फ ही खरी अडचण नव्हती, अडचण होती खालची माती. फुटबॉलचं मैदान साधारण ७,००० चौरस मीटरचं असतं. त्यातली वरची फक्त १० सेंटीमीटर, वीतभराच्या निम्मी, माती धरा. ओल्या मातीत तीस टक्के पाणी धरलं तर तेवढ्या थरात २१० टन पाणी गोठलेलं असतं. ते नुसतं वितळवायला, एक अंशसुद्धा वर न चढवता, साडेएकोणीस हजार युनिट विजेइतकी उष्णता लागते. महिन्याला शंभर युनिट वापरणारं आपल्याकडचं एखादं घर एवढी वीज सोळा वर्षं पुरवून वापरेल. तीही सगळीच्या सगळी मातीत उतरली तर. प्रत्यक्षात वरून दिलेली आच बहुतेक हवेत जाते. शिवाय रात्री पारा पुन्हा शून्याखाली उतरला की दिवसभराचं पाणी परत गोठतं, आणि या वेळी ते गुळगुळीत काचेसारखं होऊन बसतं.

नॉर्विचला नेमकं हेच झालं. तिथे मैदानावर ज्वाला फेकणारी यंत्रं आणली, बर्फ वितळला आणि लगोलग पुन्हा गोठला. हॅलिफॅक्स टाउनने शेवटी आपलं मैदान स्केटिंगसाठी लोकांना खुलं करून टाकलं, तिकिटाचे चार पैसे तरी येतील म्हणून. ब्लॅकपूलच्या मैदानावर जिमी आर्मफील्ड आणि टोनी वेटर्स हे खेळाडू स्केट बांधून घसरत असल्याचा फोटो आजही बघायला मिळतो. आर्मफील्ड त्या वेळी इंग्लंडचा कर्णधार होता.

लेस्टरने मात्र खेळणं सोडलं नाही. त्यांच्या माळ्याने थंडीआधीच मैदानाच्या मातीत रासायनिक मिश्रण घातलं होतं, आणि रात्री पिंपांत कोक पेटवून जागोजागी शेगड्या ठेवल्या जात. माघाच्या थंडीत पिकाला ऊब मिळावी म्हणून शेकोट्या पेटवून रात्र काढणारा शेतकरी आठवतो. लेस्टर सामने खेळत राहिलं, जिंकत राहिलं, आणि वृत्तपत्रांनी त्यांना 'बर्फाचे राजे' म्हणायला सुरुवात केली.

बाकीच्यांचे हाल होते. बोल्टन वाँडरर्स ८ डिसेंबर ते १६ फेब्रुवारी, म्हणजे ७० दिवस, स्पर्धेचा एकही सामना खेळले नाहीत. मँचेस्टर युनायटेडचा खाडा ५९ दिवसांचा होता. खेळाडूंच्या आठवड्याच्या पगारावरची वीस पौंडांची मर्यादा १९६१ मध्येच उठली होती, पगार दर आठवड्याला द्यावे लागत, आणि दारावर तिकिटाचा एक पैसा जमत नव्हता. कॉव्हेन्ट्रीचा संघ हात बांधून बसण्याऐवजी समुद्र ओलांडून आयर्लंडला गेला, कारण तिथे मैदानं खेळण्याजोगी होती. २ फेब्रुवारीला डब्लिनमध्ये त्यांनी मँचेस्टर युनायटेडशी मैत्रीपूर्ण सामना खेळून २-२ बरोबरी साधली. दोन संघ, दोघांचीही कपाची तिसरी फेरी बाकी, आणि दोघे परदेशात सरावासाठी एकमेकांशी खेळताहेत.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. इंग्लंडमध्ये तेव्हा 'पूल्स' नावाची पैजेची पद्धत घराघरात होती. लोक शनिवारच्या सामन्यांचे अंदाज कूपनावर लिहून पाठवत. सामनेच नसल्यामुळे लागोपाठ तीन आठवडे कूपनं रद्द करावी लागली. मग कंपन्यांनी तोड काढली. २६ जानेवारीला लंडनच्या कॉनॉट रूम्समध्ये एक मंडळ बसलं. अध्यक्ष लॉर्ड ब्रॅबझन, आणि सोबत टॉम फिनी, टॉमी लॉटन, टेड ड्रेक, जॉर्ज यंग हे नामवंत माजी खेळाडू आणि आर्थर एलिस हे पंच. त्यांनी बंद दारामागे बसून, न झालेल्या ३८ सामन्यांचे निकाल ठरवले : २३ यजमानांचे विजय, ८ पाहुण्यांचे, ७ बरोबरी. त्या निकालांवर लोकांना खरे पैसे वाटले गेले.

म्हणजे हुशार आणि जाणत्या माणसांनी अंदाज बांधून वेळ निभावून नेण्याचा रस्ता त्या देशाने शोधून काढला होता आणि तो चाललाही. कपाने तो स्वीकारला नाही. लिंकन चौथ्या विभागात आणि कॉव्हेन्ट्री तिसऱ्या, कोण वरचढ हे कुणीही सांगितलं असतं. नाणं उडवता आलं असतं, किंवा फेरी अर्ध्यात मिटवता आली असती. २६१ वेळा 'आज नाही' म्हटलं गेलं. 'आता पुरे' असं एकदाही कुणी म्हटलं नाही. या स्पर्धेबद्दल मला आदर वाटतो तो इथे. ज्याला घरी जायचं आहे तो खेळून, हरून जाईल. थंडीमुळे, विभागामुळे किंवा जाणत्यांच्या अंदाजामुळे कुणी जाणार नाही.

मार्च उजाडला आणि दुष्काळामागून अतिवृष्टी यावी तसे सामने कोसळले. लिंकनचं मैदान एकदाचं मोकळं झालं आणि कॉव्हेन्ट्रीने ५-१ असा विजय मिळवला. त्यानंतर पोर्ट्समथशी निकाल लागायला तीन सामने लागले. मग २५ मार्चला सन्डरलंड. अधिकृत प्रेक्षकसंख्या ४०,४८७, पण दरवाजे मोडून आत घुसलेले त्यात मोजलेले नाहीत. कॉव्हेन्ट्रीने तोही सामना २-१ जिंकला. ३० मार्चला उपांत्यपूर्व फेरीत समोर उभा होता मँचेस्टर युनायटेड. डब्लिनच्या त्या बरोबरीला बरोबर आठ आठवडे झाले होते. या वेळी युनायटेडने ३-१ मात केली. तिसऱ्या विभागातल्या त्या संघाने मार्चच्या एका महिन्यात कपाचे सहा सामने खेळले.

युनायटेडची गत याहून वेगळी नव्हती. त्यांची तिसरी फेरी ४ मार्चला झाली. हडर्सफील्डवर ५-० मात, डेनिस लॉची हॅट्ट्रिक, तीही आपल्या जुन्या क्लबविरुद्ध. ११ मार्चला चौथी फेरी, १६ मार्चला पाचवी. बारा दिवसांत तीन फेऱ्या. त्या ११ मार्चकडे जरा थांबून बघा. एकीकडे मिडल्सबरो आणि ब्लॅकबर्न यांचा फेरसामना होऊन तिसरी फेरी अखेर संपत होती आणि त्याच दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेड अॅस्टन व्हिलाला हरवून चौथी फेरी पार करत होतं. एरवी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कप शेवटच्या आठ संघांवर आलेला असतो.

अंतिम सामना ४ मे रोजी व्हायचा होता. तो तीन आठवडे पुढे गेला. २५ मे १९६३, वेम्ब्ली, जवळजवळ एक लाख माणसं. एका बाजूला शेगड्या पेटवून हिवाळा काढलेलं लेस्टर, लीगमध्ये चौथ्या क्रमांकावर, गोलात गॉर्डन बँक्स. दुसऱ्या बाजूला २२ संघांच्या लीगमध्ये १९ वा आलेला, खालच्या विभागात घसरता घसरता वाचलेला मँचेस्टर युनायटेड. म्युनिकच्या धावपट्टीवर त्यांचं विमान कोसळलं त्याला पाच वर्षं झाली होती. त्या अपघातातून वाचलेले बॉबी चार्ल्टन आणि बिल फोक्स संघात होते, आणि बाहेर बाकावर व्यवस्थापक मॅट बझ्बी. अपघातानंतर या क्लबने एकही चषक जिंकला नव्हता.

लॉने तिसाव्या मिनिटाला पहिला गोल केला. डेव्हिड हर्डने दुसऱ्या अर्धात दोन. लेस्टरच्या केन कीवर्थने मध्ये एक फेडला. ३-१. ६४ पैकी त्रेसष्टावा क्लब मैदानावरच, खेळून बाद झाला.

युनायटेडचा कर्णधार नोएल कँटवेल कप घेऊन खाली हिरवळीवर आला आणि त्याने तो दोन्ही हातांनी वर, मेच्या उन्हात उडवला.